देवांनी किती वर्षं राज्य केलं?

इटलीतल्या ट्युरिनच्या संग्रहालयात एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, आहे. फाटका, तुकडे तुकडे जुळवून ठेवलेला. रामसेस दुसऱ्याच्या काळात, म्हणजे इ.स.पू. तेराव्या शतकात, इजिप्तमधल्या कुठल्याशा कचेरीत त्याच्या एका बाजूला करवसुलीचा हिशोब लिहिला गेला. कुणाकडून किती आलं, वगैरे. पुढे तो हिशोब जुना झाला असावा. मग कुणीतरी कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर इजिप्तच्या राजांची यादी उतरवून काढली. राजाचं नाव, पुढे त्याने किती वर्षं राज्य केलं ते. काही ठिकाणी वरचे महिने आणि दिवससुद्धा.

यादी माणसांपासून मात्र सुरू होत नाही. आधी देव. गेब, ओसायरिस, सेथ, होरस, थॉथ. त्यांच्याही राजवटींचे आकडे दिलेले आहेत, आणि ते माणसाच्या आयुष्यात बसणारे नाहीत. मग ‘होरसचे अनुयायी’ म्हणून कुणी पितरांसारखे. आणि त्याच ओघात पुढे मेनी, पहिला माणूस राजा. यादी करणाऱ्या कारकुनाला इथे काही सांधा आहे असं वाटलेलं दिसत नाही. सातबाऱ्यावर आजोबा, वडील, मुलगा अशी नावं खाली खाली यावीत तसं त्याने देवांखाली राजांना लिहिलंय.

आपल्याला मात्र तो सांधा शोधावासा वाटतो, आणि शोधताना माणसं दोन टोकांना जातात. एक टोक म्हणतं, ओसायरिस हा खरोखर होऊन गेलेला राजाच, पुढे लोकांनी त्याचा देव केला. दुसरं म्हणतं, सगळं भाकड, पुजाऱ्यांनी रचलेलं. दोन्ही उत्तरांत कष्ट वाचतात, एवढाच त्यांचा गुण.

मला विचाराल तर ‘खरं की खोटं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि प्रत्येक कथेला आधी तिची जन्मतारीख विचारावी. ही गोष्ट ज्या काळाबद्दल बोलते आणि ज्या काळात पहिल्यांदा लिहिलेली सापडते, त्यांत अंतर किती? आणि लिहवून घेणाऱ्याचं त्यात काय अडलं होतं? मराठी इतिहासाची आवड असणाऱ्यांना हे नवं नाही. अस्सल पत्र वेगळं, बखर वेगळी. बखर फेकून द्यायची नसते, पण ती कधीची आणि कुणाची हे पाहिल्याशिवाय वापरायचीही नसते. इजिप्तमध्ये अडचण एवढीच की तिथे बखर दगडात कोरलेली असते, आणि दगडात कोरलेलं दिसलं की आपला चटकन विश्वास बसतो.

पहिल्या राजापासूनच सुरुवात करू. परंपरा सांगते, मेनेसने (यादीतला मेनी तो हाच) वरचा आणि खालचा इजिप्त एक केला. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, त्यामुळे ‘वरचा’ म्हणजे दक्षिणेकडचा आणि ‘खालचा’ म्हणजे समुद्राकडचा त्रिभुज प्रदेश. नकाशा बघताना हे हमखास उलटं होतं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात मॅनेथो नावाच्या इजिप्शियन पुजाऱ्याने ग्रीकमध्ये आपल्या देशाचा इतिहास लिहिला. त्यात मेनेसचा शेवट पाणघोड्याच्या तावडीत सापडून झाला असं आहे. राजांची घराण्यांत विभागणी करायची जी पद्धत आपण आजही वापरतो ती या मॅनेथोचीच. त्याचा मूळ ग्रंथ हरवला. उरलेत ते नंतरच्या लेखकांनी घेतलेले उतारे, आणि त्यातल्या काहींना इजिप्तच्या वर्षांचा बायबलच्या वर्षांशी मेळ घालायचा होता. म्हणजे मेनेस आणि मॅनेथो यांच्यात अडीच हजारांहून जास्त वर्षं, आणि मॅनेथो व आपण यांच्यात उताऱ्यांचे उतारे.

आता दुसऱ्या टोकाकडून या. १८९७-९८ च्या हंगामात हायराकॉनपोलिस इथल्या जुन्या मंदिराच्या जागी क्विबेल आणि ग्रीन या उत्खननकारांना एक हिरवट करड्या दगडाची पाटी मिळाली. उंची साधारण ६४ सेंटिमीटर. डोळ्यांत घालायचा रंग घोटायला अशा पाट्या असत, ही मात्र बहुधा देवाला वाहिलेली. एका बाजूला उंच पांढरा मुकुट घातलेला राजा गुडघ्यावर आलेल्या शत्रूचे केस मुठीत धरून गदा उगारतोय. मागे त्याच्या वहाणा हातात घेऊन सेवक उभा. उलट बाजूला तोच राजा लाल मुकुटात, आणि समोर मुंडकी उडवलेली प्रेतं ओळीने मांडलेली, प्रत्येकाचं मुंडकं त्याच्याच दोन पायांमध्ये. वर चौकटीत दोन चिन्हं: मांगूर मासा आणि छिन्नी. माशाचा उच्चार ‘नार’, छिन्नीचा ‘मेर’. नार्मर.

पांढरा मुकुट दक्षिणेचा, लाल उत्तरेचा. दोन मुकुट, एक राजा. मग हाच मेनेस आणि हीच एकीकरणाची लढाई, असं कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांतून छापलं गेलं. पण केस धरून गदा उगारणारा राजा नार्मरच्या आधीच हायराकॉनपोलिसच्या एका रंगवलेल्या थडग्यात दिसतो, आणि नार्मरनंतर तीन हजार वर्षं, थेट रोमन सम्राटांपर्यंत, मंदिरांच्या भिंतींवर दिसत राहतो. राजा म्हटला की तो गदा उगारणारच. तो फोटो नाही, नेमून दिलेली पोझ आहे. पाटीवरून एवढं कळतं की नार्मर दोन्ही मुकुटांवर हक्क सांगत होता. एका दिवशी एका लढाईत देश एक झाला हे मात्र तिच्यावरून कळत नाही.

मग नार्मर पहिला होता हे कशावरून? पुरावा दिसायला अगदी किरकोळ आहे. १९८५ साली आबिडोसच्या वाळवंटातल्या राजस्मशानात जर्मन पुरातत्त्व संस्थेच्या खोदकामात मातीवर उमटलेला एका मुद्रेचा ठसा सापडला. जागा पहिल्या घराण्यातल्या देन राजाच्या थडग्याची. ठशावर क्रमाने नावं: नार्मर, आहा, जेर, जेत, देन आणि राजमाता मेर्नेइथ. ही यादी त्या राजांच्या स्वतःच्या काळातली. कुणाला दिपवायला ती केलेली नाही. थडग्यात ठेवायच्या वस्तूंवर शिक्का मारायच्या कामाची मुद्रा ती. मला इजिप्तच्या इतिहासात अशा गोष्टी फार आवडतात. भव्य भिंत खोटं बोलू शकते. सील लावणाऱ्याला खोटं बोलायला फुरसत नसते.

त्या ठशात मेनेस कुठेच नाही. कारण साधं आहे, पण कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. इजिप्तच्या राजाला एकापेक्षा जास्त नावं असत. सुरुवातीच्या वस्तूंवर बहुतेक वेळा त्याचं ‘होरस नाव’ असतं, ससाण्याच्या पायाखाली चौकटीत लिहिलेलं. दीड-दोन हजार वर्षांनंतरच्या याद्यांनी दुसरंच नाव उचललं. त्यामुळे मेनेस म्हणजे नार्मर की त्याच्यानंतरचा आहा, यावर विद्वान अजून भांडतात. सक्कारातला पायऱ्यांचा पिरॅमिड बांधणारा जोसेर आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या स्वतःच्या काळातल्या दगडांवर ‘जोसेर’ हे नाव सापडत नाही. तिथे तो नेत्जेरीखेत आहे.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आबुसीर इथे पाचव्या घराण्यातल्या साहुरेच्या पिरॅमिडच्या मंदिरात लिबियावरच्या विजयाचं शिल्प आहे. त्यात हरलेल्या लिबियन सरदाराची बायको आणि दोन मुलं गयावया करताना दाखवलीत, नावांसकट. दोनेकशे वर्षांनी पेपी दुसऱ्याच्या मंदिरात हेच कुटुंब, हीच नावं. आणि इ.स.पू. सातव्या शतकात सुदानमधल्या कावा इथे ताहार्का राजाच्या मंदिरात पुन्हा तीच बाई नि तीच मुलं, अठराशे वर्षं उलटल्यावर. बिचाऱ्यांची सुटका नाही. साहुरेनेसुद्धा हे आणखी जुन्या भिंतीवरून उतरवलं नसेल कशावरून? रामसेस दुसऱ्याने हित्ती साम्राज्याविरुद्धची कादेशची लढाई एकट्याने फिरवल्याचं पाच मंदिरांत कोरून घेतलं. हित्ती लोकांच्या दप्तरखान्यातल्या मातीच्या पाट्या वाचल्यावर कळलं की लढाईनंतर कादेश त्यांच्याकडेच राहिलं. एवढंच पुरे, कादेशबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं.

आता ओसायरिसकडे वळू. इथे थोडं थांबायला हवं, कारण पुराण आणि इतिहास एकमेकांत कसे मुरतात ते याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

कथा साधारण माहीत असते. ओसायरिस चांगला राजा, भाऊ सेथ त्याला मारतो, बायको इसिस त्याचा देह शोधून पुन्हा सांधते, मुलगा होरस काकाशी झगडून गादी मिळवतो, ओसायरिस मृतांचा राजा होतो. पण ही कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग सांगणारा पहिला लेखक आहे ग्रीक, प्लूटार्क, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. इजिप्शियन लिखाणात ती सुट्या धाग्यांत विखुरलेली असते. ऐकणाऱ्याला गोष्ट ठाऊकच आहे असं धरून ते चालतात. आणि ओसायरिसचं नाव पहिल्यांदा दिसतं तेच मुळी पाचव्या घराण्यात, इ.स.पू. २४०० च्या आसपास. म्हणजे नार्मरनंतर सहा-सातशे वर्षांनी. देशाच्या पहिल्या राजांत गणला जाणारा देव, आणि देश झाल्यावर इतकी शतकं त्याचं नाव कुठे नाही.

आबिडोसच्या त्याच राजस्मशानात जेर नावाच्या राजाचं थडगं आहे. तोच, ठशातलं तिसरं नाव. इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा हाडामांसाचा माणूस. त्याच्या थडग्याभोवती तीनशेहून जास्त नोकरचाकरांची थडगी आहेत. धन्याबरोबर त्यांनाही पाठवलं गेलं असावं. हजार वर्षं गेली. पहिल्या घराण्याचे राजे विस्मरणात गेले, थडगी वाळूने भरली. तोवर ओसायरिसची भक्ती आबिडोसला रुजली होती. तिथे आधीपासून खेन्तिआमेन्तिऊ, म्हणजे ‘पश्चिमेकडच्यांचा (मृतांचा) मुख्य’, नावाचा देव होता. ओसायरिसने त्याचं नाव आणि जागा दोन्ही घेतली. मग लोकांनी देवाची समाधी शोधली. शोधल्यावर सापडतेच. जेरचं थडगं ओसायरिसचं ठरलं. आत जायला पायऱ्या केल्या, आणि तेराव्या घराण्याच्या काळात काळ्या दगडाचा एक पलंग आणून ठेवला. त्यावर पहुडलेला ओसायरिस, अंगावर पक्ष्याच्या रूपात इसिस.

दरवर्षी मंदिरातून या थडग्याकडे देवाची मिरवणूक निघे. सेनुस्रेत तिसरा या राजाचा इखेरनोफ्रेत नावाचा अधिकारी आपल्या शिळेवर सांगतो की हा सोहळा आपण पार पाडला, देवाची नाव सजवली, देवाच्या शत्रूंना पाडलं. भाविक येताना मातीच्या भांड्यांतून नैवेद्य आणत. भांडी तिथेच राहत. शतकानुशतकं. आज त्या जागेचं अरबी नाव आहे उम्म एल-काब, ‘मडक्यांची आई’. पायाखाली खापरांशिवाय दुसरं काही दिसत नाही, इतकी ती आहेत.

पुढचा भाग मजेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एमिल आमेलिनो नावाचे फ्रेंच गृहस्थ तिथे खणायला आले. त्यांना हे थडगं मिळालं, तो पलंग मिळाला, एक कवटी मिळाली. त्यांनी जाहीर केलं की ओसायरिसची खरी कबर सापडली, म्हणजे ओसायरिस नावाचा राजा खरंच होऊन गेला. चार हजार वर्षांपूर्वीच्या भाविकांनी जी चूक केली होती ती त्यांनी जशीच्या तशी गिळली. त्यांच्या मागोमाग इंग्रज उत्खननकार फ्लिंडर्स पेट्री आले, ज्यांना खापराचा तुकडासुद्धा जपून ठेवायची सवय होती. त्यांच्या माणसांना त्याच थडग्याच्या भिंतीतल्या एका भोकात कापडात गुंडाळलेला एक हात मिळाला. हातात सोनं, पिरोजा, लाजवर्दी, जांभळा स्फटिक अशा मण्यांची चार कंकणं. कंकणं कैरोच्या संग्रहालयात आहेत. हात तिथे फेकून दिला गेला, पेट्रींनी चरफडत लिहून ठेवलंय.

तर ओसायरिस ‘खरा’ होता का? जेर खरा होता. त्याची कबर खरी, मिरवणूक खरी, मडकी तर ढिगाने खरी. राजाचा देव झाला असं इथे घडलेलं नाही. देवाला राजाची रिकामी जागा मिळाली. हा फरक बारीक आहे, पण सगळी गंमत त्यातच आहे.

होरस-सेथच्या भांडणाबाबत असाच मोह होतो. दुसऱ्या घराण्यातल्या पेरिब्सेन राजाने नावाच्या चौकटीवर होरसच्या ससाण्याऐवजी सेथचा प्राणी बसवला. त्यानंतरच्या खासेखेमवीने दोघांनाही शेजारी बसवलं. त्यावरून होरसवाले आणि सेथवाले यांच्यात यादवी झाली आणि कथेत तिचीच आठवण आहे, असं जुने अभ्यासक म्हणत. असेलही काही राजकारण. पण दोन चित्रांवरून एक युद्ध उभं करणं मला जरा जास्त वाटतं.

माणसाचा देव खरोखर झाल्याचं उदाहरण हवं असेल तर इम्होटेप घ्या. सक्कारात नेत्जेरीखेतच्या, म्हणजे जोसेरच्या पुतळ्याची नुसती बैठक सापडली. वर फक्त पावलं उरलीत. त्या बैठकीवर राजाच्या नावाबरोबर इम्होटेपचं नाव आणि त्याच्या पदव्या आहेत. राजाचा मुद्राधारी, हेलिओपोलिसचा मुख्य पुजारी, कारागिरांशी संबंधित पद. राजाच्या पुतळ्यावर प्रजेतल्या माणसाचं नाव ही सोपी गोष्ट नव्हे. हा माणूस होता आणि मोठा होता, यात शंका नाही. वैद्य? त्याच्या काळातला एकही पुरावा तसं म्हणत नाही. लेखनिकांचा आदर्श म्हणून आधी त्याचं नाव चालू राहिलं. मग दोन हजार वर्षांनी तो प्ताह देवाचा मुलगा झाला, रोग बरे करू लागला, ग्रीकांनी त्याला आपला वैद्यदेव आस्क्लेपियस ठरवलं. मांडीवर गुंडाळी उलगडून बसलेल्या त्याच्या छोट्या कांस्यमूर्ती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ‘जगातला पहिला डॉक्टर’ असं त्याच्याबद्दल जे फिरत असतं, ते या दुसऱ्या, देव झालेल्या इम्होटेपबद्दल आहे.

याच जोडीच्या नावावर एक सनदही आहे. आस्वानजवळ सेहेल बेटावर एका खडकावर लांबलचक लेख आहे: जोसेरच्या अठराव्या वर्षी सात वर्षांचा दुष्काळ होता, राजाने इम्होटेपला विचारलं, ख्नुम देव स्वप्नात आला, आणि राजाने खुश होऊन त्या भागातली जमीन ख्नुमच्या मंदिराला दिली. वाचायला अस्सल. पण खोदलाय टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळात, जोसेरनंतर जवळजवळ अडीच हजार वर्षांनी. म्हणजे देवस्थान इनामाचा जुना कागद हवा होता, तो तयार केला. आपल्याकडच्या दप्तरखान्यात बसलेल्या कुणालाही हा प्रकार लगेच ओळखू येईल.

पाचव्या घराण्याच्या जन्माचीही अशीच गोष्ट आहे. बर्लिनमधल्या एका पपायरसवर ती मिळते. मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाला जादूगार सांगतो की रे देवाच्या पुजाऱ्याच्या बायकोच्या पोटी देवाचे तिळे मुलगे येणार आणि ते राज्य करणार. दाया म्हणून इसिससकट देवी येतात. या तिघांची नावं म्हणजे त्या घराण्याचे पहिले तीन राजे, उसेरकाफ, साहुरे, नेफेरिरकारे. खूप दिवस अभ्यासक या गोष्टीत काही तथ्य असेल, किमान दोघे भाऊ असतील, असं धरून होते. मग साहुरेच्या पिरॅमिडकडे जाणाऱ्या वाटेतले कोरीव दगड वाळूतून निघाले, आणि त्यांवरून आता चित्र असं दिसतं की साहुरे हा उसेरकाफचा मुलगा आणि नेफेरिरकारे हा साहुरेचा. आजोबा, बाप, नातू यांना कथेने एकाच पाळण्यात घातलं होतं.

आता एक शेवटचा राजा. रामसेस तिसरा, इ.स.पू. बारावं शतक. मेदिनेत हाबूच्या त्याच्या मंदिरात भिंतभर विजय आहेत: समुद्रावरून आलेल्या टोळ्या, लिबियन, सगळे लोळवलेले. त्याच राजाच्या २९ व्या वर्षी थडगी खोदणारे कामगार काम टाकून बाहेर आले. महिन्याचे अठरा दिवस गेले, आम्ही उपाशी आहोत, असं त्यांचं म्हणणं एका पपायरसवर नोंदलंय. शेवटी जनानखान्यात त्याच्या जिवावर कट झाला. राणी तिये, मुलगा पेंतावेरे. खटल्याची कागदपत्रं ट्युरिनलाच आहेत. त्यांत आरोपींची नावं मुद्दाम बिघडवून लिहिलीत. नाव बिघडलं की माणूस परलोकात बिघडतो. राजा कटातून वाचला की मेला, ते कागद सरळ सांगत नाहीत. राजा मेल्यावर ओसायरिस होतो अशी श्रद्धा; जो ओसायरिस होऊन निघून जातो त्याचा खून झाला, असं लिहायचं तरी कसं?

२०१२ साली त्याच्या ममीच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्ट्यांखाली गळा हाडापर्यंत चिरलेला होता. आणि त्या जखमेत, ममी तयार करणाऱ्यांनी बसवलेला एक ताईत होता: होरसचा डोळा, जो सेथने जखमी केला आणि थॉथने पुन्हा सबंध केला.